घरून काम आणि आपले अपंग सहकारी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि अनेकांची कचेरी घरात आली. जिने व बसच्या उंच पायऱ्या ज्यांना अडवीत, अशा अपंग बांधवांपैकी काहींनी हीच सवलत पूर्वी मागितली होती. तेव्हा ‘घरून काम होणार नाही’ असे उत्तर त्यांना मिळाले होते. असो.

पायऱ्या गेल्या, पण अडथळे संपले नाहीत. अंध सहकारी संगणक चालवितो तो पडदावाचकाच्या साहाय्याने. पडद्यावरील मजकूर ही आज्ञावली त्याला वाचून दाखविते. ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य पडदावाचक मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली आरंभिला. परंतु दूरस्थ बैठकीत आपण आपला पडदा इतरांना दाखवितो, तेव्हा पलीकडे पोहोचते ते केवळ चित्र, आणि वाचक मुका होतो. ‘हे आकडे पाहा’ म्हणून आपण पुढे जातो. कागद आदल्या दिवशी पाठवावा, आकडे तोंडाने उच्चारावेत, एवढे पुरते.

कर्णबधिर सहकाऱ्याची गरज निराळी. त्याला बोलणे अक्षरांत उमटलेले हवे, बोलणाऱ्याचा चेहरा उजेडात हवा, प्रश्न लिहून विचारलेले हवेत. आता गंमत पाहा! तेच लेखी प्रश्न अंध सहकाऱ्याचा पडदावाचक वक्त्याच्या बोलण्यावरच वाचू लागतो. कानांत दोन आवाज, आणि एकही धड कळत नाही. एकाची सोय ती दुसऱ्याची अडचण. हा गुंता कोणतेही विकतचे यंत्र सोडवीत नाही. सहकाऱ्यांनी बसून ठरवावे लागते. लेखी प्रश्न थोपवून धरावेत, वक्ता थांबला की सूत्रधाराने वाचावेत, प्रत्येकाने आधी आपले नाव सांगावे. मात्र हे दर बैठकीत अपंगानेच मागावे, ही रीत मला अन्यायाची वाटते. २०१६ च्या कायद्याने वाजवी सोय नाकारणे हा भेदभावच मानला आहे.

मराठीत आणखी एक पेच आहे. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतील मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो. पडदावाचकाला मात्र निरर्थक रोमन अक्षरे सापडतात. इतिवृत्ताचे छायाचित्र काढून धाडणेही तसेच. म्हणून प्रस्तुत स्मरणिकेचा मजकूर युनिकोडमध्येही सभासदांना मिळावा, अशी विनंती मी संपादक मंडळास केली आहे.