शिल्लक किती?

जैवइंधनासाठी जगात काडीकचरा, लाकूडफाटा वर्षाला किती मिळेल, याचे अंदाज 50 पासून 1000 एक्साज्यूलच्याही पुढे जातात. साऱ्या जगाचा ऊर्जावापरच 600 च्या आसपास! अन्नाची, जंगलाची पथ्ये पाळून 100 पर्यंत बहुतेक अभ्यासकांना पटते. फरक पडतो तो मोजण्यात: शेतात निघाले ते मोजायचे, की उरले ते? केंद्र सरकारच्या अभ्यासात देशाचा जैवभार सुमारे 75 कोटी टन, शिल्लक मात्र 23 कोटी. आपल्या माळव्यात गव्हाचा भुसा आधी गुरांपुढे जातो. काही काड मातीतच कुजायला हवे, नाहीतर जमिनीचा कस उतरतो. म्हणून मला देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प जास्त भावतो. रोज 550 टन ओला कचरा पचवण्याची त्याची क्षमता, आणि त्या कचऱ्यावर ना गुरांचा हक्क, ना चुलीचा.