माझी वेणी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषणाची सवय नाही. पण गेल्या वर्षी माझे छातीच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, हे तुम्हां सर्वांस ठाऊकच आहे. त्याविषयीच चार शब्द बोलते.

ऑपरेशननंतर किरणांचा शेक घ्यावयाचा होता. त्यासाठी यंत्राखाली हात डोक्यावर ठेवून निजावे लागते. हात वर नेताना माझ्या डोळ्यांत पाणी येई. वेणी घालावयास लेक लागे. घरी करावयाचा व्यायाम सांगितला होता. पण दुखले की ‘उद्या करीन’ म्हणून मी टाळी.

शेकाला येणाऱ्या आम्ही सातजणी बाकावर मुकाट बसत असू. व्यायामाच्या बाईंनी आम्हांला एकत्र उभे केले. भिंतीवर बोटे चालवीत हात वर न्यावयाचा, खांदे फिरवावयाचे, मग जागच्या जागी चालावयाचे. शेजारणीचे बोट वर सरकले की माझेही सरके! थकवाही कमी वाटू लागला.

स्कॉटलंडात ग्लासगो शहरी अशा २०३ रुग्ण बायकांची पाहणी झाली, ती २००७ साली छापून आली. निम्म्या बायकांना १२ आठवडे एकत्र व्यायाम दिला. त्यांचे खांदे अधिक मोकळे झाले व मनही सुधारले, असे बाईंनी सांगितले.

तेव्हा कोणा बहिणीस हा आजार झाला, तर ‘पडून राहा’ म्हणू नका. डॉक्टरांस विचारून तिच्याबरोबर भिंतीपाशी उभ्या राहा.

आजची वेणी माझी मीच घातली आहे.