जकात : एक शब्द, दोन हिशेब

‘जकात’ हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. जकात म्हटलं की शहराच्या वेशीवरचा नाका, ट्रकांची रांग आणि पावती फाडणारा कारकून डोळ्यांसमोर येतो. मुंबईतली जकात 1 जुलै 2017 रोजी, जीएसटी लागू झाला त्या दिवशी बंद झाली. राज्यातल्या इतर शहरांतली त्याआधीच टप्प्याटप्प्यानं गेली होती. नाके गेले, पण कित्येक बसथांब्यांना नाव अजून तेच आहे.

हा शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेनं मराठीत आला. इस्लाममध्ये जकात म्हणजे, ज्याच्याकडे गरजा भागून ठरावीक रकमेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर शिल्लक राहिली, त्यानं तिचा चाळीसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरजूंसाठी द्यायचा. गंमत पाहा, प्रवासात या शब्दाचा अर्थच उलटा झाला. मूळची जकात माणसाकडे पाहते, त्याच्याजवळ उरलं किती ते विचारते. नाक्यावरची जकात फक्त माल पाहायची. तो माल कोणाच्या घरात जाणार, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

मी कविता लिहिणारा माणूस, अर्थशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण करातल्या न्यायाचा सगळा प्रश्न मला या दोन अर्थांमध्ये उभा असलेला दिसतो.

आमचे अब्बा शिंपी होते. रमजानमध्ये ते वही घेऊन हिशेबाला बसत. विक्रीसाठी आणलेले कापडाचे तागे हिशेबात धरत, देणं वजा करत. पण शिवणयंत्र आणि कात्री धरत नसत. पोट ज्याच्यावर चालतं त्या हत्यारावर जकात नसते, असं ते सांगत. पिकाच्या बाबतीतही असाच विचार आहे. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, पण विहिरीचं पाणी ओढून पिकवलं असेल तर विसावा. कष्ट आणि खर्च जास्त, तिथं वाटा कमी. हा जुना हिशेब आजच्या सरकारनं जसाच्या तसा उचलावा, असं माझं म्हणणं नाही. पण त्यातला प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

रोजच्या गरजांपासून सुरुवात करू. मीठ श्रीमंत माणूस गरिबापेक्षा जास्त खात नाही. म्हणूनच मिठावरचा कर सगळ्यांत अन्यायाचा ठरला आणि 1930 मध्ये दांडीपासून आपल्या शिरोड्यापर्यंत लोक मिठासाठी लाठ्या खायला उभे राहिले. आज मिठावर जीएसटी नाही. पण 18 जुलै 2022 पासून लेबल लावलेल्या पाकीटबंद आट्या-तांदळावर 5 टक्के कर लागला. अंगाच्या साबणावर, टूथपेस्टवर तर 22 सप्टेंबर 2025 पर्यंत 18 टक्के होता. त्या दिवशी तो 5 टक्क्यांवर आला, वह्या-पेन्सिलींवरचा कर शून्य झाला, शिवणयंत्रावरचा 12 वरून 5 वर आला. हे चांगलंच झालं.

तरीही एक वाक्य कानांना टोचत राहतं : ‘कर आम्ही भरतो आणि फुकटचं हे खातात.’ बोलणाऱ्याच्या मनात फक्त प्राप्तिकर असतो. चाळीस रुपयांच्या साबणावर दोन रुपये कर, असं धरू. महिना पंधरा हजार मिळवणारी मोलकरीण आणि दीड लाख मिळवणारी तिची मालकीण, दोघीही दोनच रुपये देतात. पण मोलकरणीच्या मिळकतीत त्या दोन रुपयांचं वजन दहापट आहे. तिचं नाव करदात्यांच्या यादीत नसतं. कर मात्र ती रोज भरते.

व्यवसाय कराचंही तसंच. महाराष्ट्रात महिना दहा हजारांहून जास्त पगार असलेला पुरुष कामगार वर्षाला 2,500 रुपये भरतो आणि त्याच्या कंपनीचा लाखो रुपये पगार घेणारा साहेबही 2,500च भरतो. महिलांना 2023 पासून 25 हजारांच्या पगारापर्यंत सूट मिळाली. वरची मर्यादा मात्र राज्यघटनेतच आहे आणि 1988 पासून ती हललेली नाही.

आता स्वतःचा धंदा करणाऱ्यांकडे येऊ. इथं घोळ होतो तो उलाढाल आणि उत्पन्न यांच्यात. समजा, एखाद्या दुकानदाराची करपात्र मालाची वर्षाची विक्री 50 लाख आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा मोठा शेठ! पण शेकडा पाच सुटत असतील तर त्याच्या हाती अडीच लाखच येतात. कंपोझिशन योजनेत त्याला विक्रीवर एक टक्का, म्हणजे 50 हजार भरावे लागतात आणि तेही गिऱ्हाइकाकडून वेगळे मागता येत नाहीत. नफ्याचा पाचवा हिस्सा गेला. ज्याला शेकडा वीस सुटतात, त्याचा विसावाच जातो. योजना ऐच्छिक आहे, हे खरं. पण दुसरी वाट धरली की विवरणपत्रं आली, सल्लागाराची फी आली.

दुसरी बाजूही बोलली पाहिजे. ‘पक्कं बिल हवं असेल तर जास्त पडतील,’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. नोकरदाराचा कर पगार हातात पडण्याआधीच कापला जातो, त्याला लपवायला जागा नाही. रोखीत मोठी फी घेऊन पावती न देणारा व्यावसायिक सरकारला तर फसवतोच, शिवाय साबणावर मुकाट्यानं दोन रुपये देणाऱ्या त्या मोलकरणीवर आपलं ओझं टाकतो. लहान दुकानदाराच्या अडचणींची ढाल अशा माणसानं वापरू नये. पावती न मागणारे आपणही त्या व्यवहारात भागीदार असतोच.

अर्थसंकल्पाच्या दिवशी आपण सगळे आपापल्या घरापुरतं पाहतो : माझं किती वाचलं? यंदा त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी. ज्याच्याकडे महिनाअखेरीला काहीच उरत नाही त्याच्याकडून किती घेतलं आणि ज्याच्याकडे भरपूर उरतं त्याच्याकडून किती? या दोन आकड्यांवरून आपला कर कोणत्या अर्थाची जकात आहे, हे ज्याचं त्याला कळेल.