नवा खेळ, जुनी गर्दी आणि बाईची फुरसत

(संघटनेच्या वार्षिक शिबिरात दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सत्राचा विषय ऐकून काल जेवताना एका ताईंनी मला विचारलं, "अगं, तू कुटुंब सल्ला केंद्रात काम करतेस. कॉम्प्युटरवरच्या खेळांशी तुझा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी संबंध सांगते.

आपल्या युवती गटातल्या दोघीजणी, एक संगणक अभियंता आणि एक चित्रकार, नवा खेळ तयार करायच्या विचारात आहेत. इंटरनेटवर हजारो माणसं एकाच वेळी खेळतील असा, जादूच्या दुनियेतला खेळ. त्यासाठी एकीला नोकरी सोडावी लागेल. दुसरीच्या आईने दागिने गहाण ठेवायची तयारी दाखवली आहे. दोघींनी कार्यकारिणीला विचारलं, की एवढ्या गर्दीत असा नवा खेळ चालेल का? आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघू लागलो. मग मला एक गोष्ट कबूल करावी लागली. ती पुढे सांगते.

एक गैरसमज आधी दूर करू. 'फँटसी गेम' म्हटलं की अनेकींना क्रिकेटचा संघ निवडून पैसे लावायचे खेळ आठवतात. त्या नादात कर्जबाजारी झालेली घरं आपण केंद्रात पाहिली आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. मी बोलणार आहे ते खेळ वेगळे. त्यांत प्रत्येक खेळाडू एक पात्र घेते. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी जखमा बऱ्या करणारी वैद्य. डोंगर, गावं, बाजार, राक्षस असलेलं एक जग असतं. आपण कॉम्प्युटर बंद करून झोपलो तरी ते चालू राहतं, कारण दुसरे लोक तिथे असतात. मोठी कामगिरी एकट्याने होत नाही, म्हणून खेळाडू गट बांधतात. त्याला 'गिल्ड' म्हणतात.

हा प्रकार काल-परवाचा नाही. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ मध्ये असा पहिला खेळ लिहायला घेतला. त्यात चित्र नव्हतं, नुसती अक्षरं होती. १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' आला, १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट', आणि नोव्हेंबर २००४ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'. अमेरिकेत महिन्याला सुमारे १५ डॉलर वर्गणी असूनही ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच्या वर्गणीदारांची संख्या १ कोटी २० लाखांवर गेली होती. तो आकडा पाहून अनेक कंपन्यांना वाटलं, आपणही असाच काढू.

पुढे काय झालं? 'वॉरहॅमर ऑनलाइन' सप्टेंबर २००८ मध्ये वाजतगाजत आला आणि डिसेंबर २०१३ मध्ये बंद झाला. 'वाइल्डस्टार' जून २०१४ मध्ये आला, नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद झाला. या खेळाने आपल्या अवघडपणाचाच अभिमान मिरवला होता. एका मोहिमेला ४० माणसं जमवा, त्याआधी लांबलचक तयारी करा, असा त्याचा खाक्या. ॲमेझॉनसारख्या कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये 'न्यू वर्ल्ड' काढला. सुरुवातीला एका वेळी ९ लाखांहून अधिक लोक खेळत होते. काही महिन्यांत बहुतेक निघून गेले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की यात आता नवी भर घालणार नाही. पैसा कमी पडला म्हणून हे झालं, असं निदान ॲमेझॉनबद्दल तरी कुणी म्हणणार नाही.

मग अडतं कुठे? मी माझ्या कामातलं उदाहरण देते. एका वस्तीत आधीच पाच बचत गट आहेत. मी सहावा काढायला जाते. माझा व्याजदर थोडा कमी आहे, हिशेबाची वही छापील आहे. बायका ऐकून घेतात, चहा देतात, आणि आपल्या जुन्याच गटात राहतात. का? जुन्या गटात तिची जाऊ आहे. तिची पत तिथे आहे, सहा वर्षं हप्ता चुकवला नाही हे तिथल्या बायकांना माहीत आहे. बाळंतपणात दवाखान्यात डबा घेऊन आल्या त्या याच बायका. व्याजातल्या अर्ध्या टक्क्यासाठी हे सोडून कोण येईल?

खेळाचंही तसंच आहे. माणूस महिन्याला चार कादंबऱ्या वाचू शकतो, पण असे चार खेळ खेळू शकत नाही. एकच खेळ रोजची संध्याकाळ मागतो. तिथे कमावलेलं नाव, जमवलेली माणसं नव्या खेळात नेता येत नाहीत. म्हणजे नव्या खेळाची स्पर्धा जुन्याच्या चित्रांशी किंवा राक्षसांशी नसते. ती माणसाच्या संध्याकाळीशी आणि त्याच्या मित्रमंडळाशी असते. त्यात जुने खेळ स्वतःचाच भूतकाळही विकायला काढतात. 'रूनस्केप' या २००१ च्या खेळाची जुनी आवृत्ती खेळाडूंच्या मागणीवरून २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि जोरात चालली. 'वॉरक्राफ्ट'नेही २०१९ मध्ये तेच केलं.

तरीही काही खेळ टिकले. जपानमधला 'फायनल फँटसी १४' सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि सपशेल पडला. कंपनीने जाहीर माफी मागितली. नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं दिली. जुना खेळ २०१२ मध्ये बंद करून नव्याने बांधला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये पुन्हा आणला. डिसेंबर २०२१ मध्ये एवढी गर्दी झाली की सर्व्हरवर जागा पुरेना, म्हणून कंपनीने काही काळ नवी विक्रीच थांबवली. त्यातली एक व्यवस्था मला फार महत्त्वाची वाटते. गटात एखादी नवखी व्यक्ती असेल तर जुन्या खेळाडूंना जास्तीचं बक्षीस मिळतं. नवख्याच्या चुकांमुळे वेळ गेला तरी जुन्यांचं नुकसान होत नाही, उलट फायदा होतो. आपण शिबिरात 'नव्या बाईला पुढे बसवा' म्हणतो. त्यांनी ते उपदेश न करता नियमात बसवलं.

अर्थात, त्यांच्यामागे १९८७ पासूनचं नाव होतं आणि मोठ्या कंपनीचा पैसा होता. आपल्या दोघींकडे हे नाही. म्हणून एक लहान उदाहरणही सांगते. 'प्रोजेक्ट गॉर्गन' हा खेळ एरिक हाइमबर्ग आणि सँड्रा पॉवर्स या दांपत्याने सुरू केला. लोकवर्गणीचे पहिले प्रयत्न फसले, २०१५ मध्ये तो जमला, आणि २०१८ मध्ये अपुऱ्या अवस्थेतच खेळ विक्रीला ठेवून ते तो पुढे वाढवत गेले. कोट्यवधी खेळाडू त्यांना मिळाले नाहीत, पण गर्दीत त्यांना कोपरा मिळाला.

आता कबुली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आणि पुढे एम.एस.डब्ल्यू. करत असताना सुट्टीत घरी आले की, भावाच्या कॉम्प्युटरवर मी असा एक खेळ खेळायचे. खेळाचं नाव सांगत नाही, आणि त्याने फरक पडत नाही. रात्री ११ ते १. आमचा बारा जणांचा गट होता. मी वैद्य होते, इतरांच्या जखमा बऱ्या करायचे. नाव पुरुषाचं घेतलं होतं आणि मायक्रोफोन बिघडला आहे असं सांगितलं होतं. एकदा घाईच्या प्रसंगी तोंडून शब्द निघाला. त्या क्षणापासून सगळं बदललं. "स्वयंपाक झाला का?" हा त्यातला सभ्य प्रश्न. एकाने तीन आठवडे फोटोचा तगादा लावला. तक्रार केली तर 'आपली तक्रार मिळाली' एवढं छापील उत्तर आलं. मी खेळ सोडला. काही दिवसांनी गटातल्या दोन 'पुरुषांनी' मला वेगवेगळी पत्रं पाठवली. त्या दोघीही बायका होत्या. बारांत आम्ही तिघी होतो, आणि एकीलाही दुसरीचा पत्ता नव्हता.

ही गोष्ट मी दहा-बारा वर्षं कुणाला सांगितली नाही. त्रास झाला म्हणून नव्हे. मी रात्री दोन-दोन तास 'नुसती खेळत' होते, याचीच लाज वाटायची. भाऊ माझ्यापेक्षा जास्त खेळायचा, तो मात्र घरी राजरोस सांगायचा.

पुढे कळलं की ही लाज माझ्या एकटीची नाही. अमेरिकेत 'एव्हरक्वेस्ट २'च्या खेळाडूंचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळाडूंनी सांगितलेले तास आणि कंपनीच्या नोंदीतले तास त्यात ताडून पाहिले होते. स्वतःचे तास स्त्रिया आणि पुरुष दोघांनीही कमी सांगितले होते, पण स्त्रियांनी जास्त प्रमाणात कमी सांगितले होते. आपल्याकडचं चित्र पाहा. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनमोल कामात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. जिची संध्याकाळच तिची नाही, ती संध्याकाळ मागणाऱ्या खेळाला काय देणार? आणि दिली तरी चोरून देणार.

एक समज असतो की बायकांना मुळातच सेवेची पात्रं आवडतात. निक यी या संशोधकाने आपल्या २०१४ च्या पुस्तकात याचा समाचार घेतला आहे. खेळाडू स्त्री असो वा पुरुष, पात्र स्त्रीचं घेतलं की जखमा बऱ्या करण्याचं काम जास्त केलं जातं, असं त्याला दिसलं. म्हणजे शुश्रूषा बाईच्या रक्तात नाही, ती बाईच्या वेषाला चिकटवलेली आहे. हे आपण इतकी वर्षं म्हणतोच आहोत.

न्याय असेल तर खेळ चालेल, असं सोपं समीकरण मात्र मी मांडणार नाही. 'वॉरक्राफ्ट' काढणाऱ्या कंपनीवर कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने जुलै २०२१ मध्ये स्त्री कर्मचाऱ्यांशी भेदभाव आणि छळाचे आरोप करून खटला भरला. त्याच महिन्यात कर्मचारी काम थांबवून बाहेर आले. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. ती वेतन आणि बढतीतल्या भेदभावापुरती होती, छळाचा आरोप न्यायालयात सिद्ध झाला नाही. आणि खेळ चालूच राहिला. बाजार आपोआप कुणाला शिक्षा करत नाही.

मग उत्तर काय? माझ्या मते, नवा खेळ चालू शकतो, पण 'वॉरक्राफ्ट'सारखाच आणखी एक म्हणून नाही. जी माणसं जुन्या खेळांत नीट बसली आहेत, त्यांना ओढायला जाऊ नये. ज्यांना तिथे बसूच दिलं नाही, त्यांच्यासाठी जागा करावी. ती माणसं कमी नाहीत. मायक्रोफोन बिघडल्याचं सांगणाऱ्या सगळ्या त्यांत येतात.

दोघींना माझं सांगणं असं. पहिलं, दागिने गहाण ठेवू नका. ज्या धंद्यात ॲमेझॉनला जमलं नाही, तिथे आईचं मंगळसूत्र लावायचं नसतं. नोकरीही आत्ताच सोडू नका. दुसरं, लहान सुरुवात करा. हजारांऐवजी पन्नास माणसं धरा, आणि ती महिनाभर टिकतात का ते पाहा. तिसरं, अर्ध्या तासात एक काम पुरं होईल असा खेळ करा. मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि बाई उठली, तर तिचं किंवा गटाचं नुकसान होता कामा नये. आपल्याकडे बहुतेकींच्या हातात मोबाइल आहे, कॉम्प्युटर नाही, हेही धरून चाला. चौथं, तक्रारीला उत्तर देणारं माणूस पहिल्या दिवसापासून नेमा. चित्रांवरचा खर्च कमी करा, पण हा करू नका. बाई खेळ सोडते ती राक्षसाला घाबरून नाही. आपलं कुणी ऐकत नाही, म्हणून सोडते.

एवढं करूनही खेळ पडू शकतो. चांगले गटही फुटतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण तो पडला तर दोघींचं वर्ष जाईल, घर जाणार नाही.

शेवटी सगळ्यांसाठी एक काम. चहाला उठण्याआधी प्रत्येकीने चिठ्ठीवर, नाव न घालता, एक आकडा लिहायचा आहे. गेल्या आठवड्यात निव्वळ स्वतःच्या आनंदासाठी तुम्ही किती तास घालवले? गाणं, वाचन, मालिका, फोनवरचा खेळ, काहीही चालेल. फक्त आकडा खरा लिहा, कमी करून लिहू नका. माझी चिठ्ठी मी आधीच डब्यात टाकली आहे.