तोच घाट, रोज नवा

निवृत्त झाल्यावर पुष्कळ जण हौसेनं रंगपेटी आणतात आणि कॅलेंडरवरचा देखावा समोर ठेवून घरातच बसतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, बाहेर पडा. नोकरीत असताना सकाळचे सात ते नऊ कधी आपले नव्हते. निसर्गचित्राला नेमके तेच दोन तास हवे असतात.

मी वाईत कृष्णेच्या घाटावर बसतो. तिरप्या उन्हात प्रत्येक पायरीला एक उजळ कड असते आणि एक सावलीची बाजू. ऊन वर चढलं की त्याच पायऱ्या सपाट दिसू लागतात. म्हणून सावल्या कुठे पडल्यात ते आधी पेन्सिलीनं नोंदवून घ्यायचं. नंतर सावली सरकली तरी चित्रातली हलवायची नाही.

घाटाचा दगड काळा म्हणून काळा रंग घेऊ नका, चित्र मरतं. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना एकत्र करा. निळा वाढवला की सावलीतला गार दगड मिळतो, तांबूस वाढवला की उन्हानं तापलेला. आणि पांढरा? जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. पाण्यावरची चमक, देवळाच्या कळसावरचं ऊन रंगवायचं नसतं, राखायचं असतं. हाताला हे फार उशिरा जमतं. कागद मात्र ३०० जीएसएमचा घ्या, पातळ कागद पाण्यानं फुगतो.

एप्रिलमध्ये वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, पसरेपर्यंत वाळतो, जुलैत कितीतरी वेळ ओला राहतो. पण वाईजवळचा पांडवगडाचा डोंगर ढगात अर्धा बुडालेला असतो, तेव्हा ती ओलच कामाला येते: ओल्या कागदावर ओला रंग सोडला की डोंगराची कड आपोआप विरते.

लोक विचारतात, रोज तीच जागा कशाला? कोल्हापूरचे आबालाल रहिमान आठवा. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, शाहू महाराजांच्या पदरी असलेले हे चित्रकार १९३१ साली गेले. कोटितीर्थाचं तळं त्यांनी किती वेळा, किती प्रकारच्या प्रकाशात रंगवलं! एवढा मोठा माणूस एका तळ्याशी इतका काळ रमला, तर आपण दर रविवारी नवा देखावा शोधत का फिरावं?

सुरुवातीला वर सांगितलेले दोन रंग, जोडीला एक पिवळा आणि एक जाडसर गोल ब्रश पुरे. घराजवळची नदी, तळं, नाहीतर गल्लीच्या टोकाचा पिंपळ बघून ठेवा आणि उद्या सकाळी सातला तिथे जाऊन बसा.