अपघातांची खतावणी

घरांत कोणी पडलें, भाजलें किंवा कोणाला कापलें, म्हणजे दोष बहुधा माणसाच्या माथीं मारला जातो. मूल कोसळलें तर आईचें लक्ष नव्हतें. हात पोळला तर सुनेचा धांदरटपणा नडला. आणि यांपैकीं कांहींच लागू पडत नसेल तर बोल लावावयास नशीब आहेच. ज्या वस्तूमुळें इजा झाली ती वस्तु मात्र निर्दोष सुटते. एका घरापुरतें पाहिलें तर हा निवाडा खोटा ठरविणें कठीण, कारण एका घरांत तसा अपघात बहुधा एकदांच घडतो. परंतु तीच वस्तु शंभर गांवांत, एकाच रीतीनें, एकाच वयाच्या मुलांना इजा करूं लागली तर दोष शंभर आयांचा कीं एका वस्तूचा, असा प्रश्न उभा राहतो. तो विचारतां यावा यासाठीं शंभर गांवांतील अपघात प्रथम एका खतावणींत मांडलेले असावे लागतात.

अमेरिकेंत ही खतावणी सरकार ठेवतें. तत्पूर्वीं तेथें एकेका वस्तूपुरते कायदे होत असत. रेफ्रिजरेटरचें दार बाहेरूनच उघडत असल्यामुळें आंत लपलेलीं मुलें गुदमरून मरूं लागलीं, तेव्हां १९५६ सालीं आंतूनही दार उघडलें पाहिजे असा कायदा झाला. पण प्रत्येक वस्तूसाठीं इतके बळी पडेपर्यंत थांबावयाचें काय? १९६७ सालीं या प्रश्नाच्या चौकशीसाठीं एक राष्ट्रीय आयोग नेमण्यांत आला. त्याचा अहवाल १९७० सालीं बाहेर पडला, तेव्हां लोक चकित झाले. घरगुती वस्तूंशीं निगडित अपघातांत दरवर्षीं सुमारें २ कोटि लोक जखमी होतात, १,१०,००० कायमचे अपंग होतात आणि ३०,००० प्राणांस मुकतात, असा आयोगाचा अंदाज होता. १९७२ सालीं त्यासंबंधीं कायदा झाला आणि १९७३ पासून ‘ग्राहक वस्तु सुरक्षा आयोग’ काम पाहूं लागला. जखमांच्या नोंदीची पद्धत १९७२ मध्येंच सुरू झाली होती. ती या आयोगाकडे आली.

या पद्धतीचें तत्त्व आपल्या गृहिणींना नवें नाहीं. शितावरून भाताची परीक्षा करावी तसें तें आहे. त्या देशांत तातडीचे रुग्ण घेणारीं रुग्णालयें पांच हजारांहून अधिक आहेत. त्यांतून सुमारें शंभर रुग्णालयें अशा बेतानें निवडलीं जातात कीं त्यांत मोठीं, लहान व केवळ मुलांचीं अशा सर्व प्रकारांना प्रतिनिधित्व मिळावें. तेथील नोंदणीकार डॉक्टरांचीं टिपणें वाचतो आणि वस्तूशीं संबंध असलेली प्रत्येक जखम टिपून घेतो. रुग्णाचें वय, स्त्री कीं पुरुष, जखम कोणती व कोठें, रुग्ण घरीं गेला कीं दाखल झाला, आणि जखमेशीं कोणत्या वस्तूचा संबंध आला, हें सर्व त्यांत येतें. प्रत्येक वस्तूला एक सांकेतिक अंक असतो. जिना व पायऱ्या यांचा अंक १८४२. शेवटीं घटना कशी घडली तें एकदोन ओळींत लिहितात. रुग्णाचें नांव त्यांत येत नाहीं. मग प्रत्येक रुग्णालय आपल्यासारख्या किती रुग्णालयांच्या ठिकाणीं उभें आहे तें ध्यानांत घेऊन त्या प्रमाणांत आंकडे वाढवितात आणि साऱ्या देशाचा अंदाज बांधतात.

अशा नोंदींनीं काय साधतें, तें एका उदाहरणावरून दिसेल. आपल्याकडील लांकडी पांगुळगाडा मूल उभें राहून पुढें ढकलतें. अमेरिकेंत प्रचार होता तो चाकांच्या कड्यांत तान्ह्या मुलाला बसविणाऱ्या ‘वॉकर’चा. चालतांही न येणारें मूल त्यांत एका सेकंदांत तीन फुटांहून अधिक अंतर कापतें, आणि जिन्याच्या तोंडाशीं पोचतें. १९९० सालीं या गाड्यांमुळें अंदाजें २०,६५० मुलांवर तातडीच्या विभागांत उपचार करावे लागले. जखमा बहुतेक डोक्याला वा मानेला, आणि चारांपैकीं जवळजवळ तिघे जिन्यावरून पडलेले. धोक्याच्या चिठ्ठ्या चिकटविल्या, आईबापांना उपदेश केला. पण त्यानें काम भागलें नाहीं. कारण अनेक अपघात मोठें माणूस जवळ असतांनाच घडत होते; धांवत जाऊन पकडीपर्यंत गाडा खालीं गेलेला असे. लक्ष नव्हतें हा आरोप येथें टिकला नाहीं. १९९७ च्या सुमारास गाड्याची रचनाच बदलली. तो दारांतून न मावण्याइतका रुंद असावा, किंवा पायरीच्या कांठावर त्याला आपोआप अटकाव व्हावा, असें ठरलें. २००३ सालीं जखमींचा आंकडा ३,२०१ वर आला. आया त्याच होत्या. गाडा बदलला होता. २०१० मध्यें हे नियम सक्तीचे झाले. कॅनडानें तर २००४ सालींच या गाड्यांवर बंदी घातली.

तथापि या खतावणीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. जखमेशीं वस्तूचा संबंध आला, एवढेंच ती सांगते. वस्तु सदोष होती असें नव्हे. जिन्यावरून पडलेल्या प्रत्येकाचा दोष जिन्याकडे जात नाहीं. वस्तु कोणत्या कारखान्याची, हेंही टिपणांत क्वचितच असतें. त्यासाठीं आयोगाला वेगळे तपासनीस पाठवावे लागतात. या उणिवेचा प्रत्यय लोहचुंबकाच्या गोळ्यांच्या बाबतींत आला. खेळावयाच्या या लहानशा पण जोरकस गोळ्या दोन गिळल्या गेल्या तर आंतड्याच्या पदरांतून एकमेकींना ओढतात व भोंक पाडतात. २०१४ सालीं आयोगानें त्यांवर निर्बंध घातला. पण आयोगाचे निष्कर्ष अपुरे असून त्यांचें स्पष्टीकरण नीट झालेलें नाहीं, असें ठरवून न्यायालयानें २०१६ सालीं तो रद्द केला. नवा निर्बंध यावयास २०२२ साल उजाडलें. टिपणांतील मोघम शब्दाची किंमत अशी मोजावी लागते.

ब्रिटननें १९७६ सालीं अशीच पद्धत सुरू केली होती. २००२ सालच्या नोंदींनंतर ती खंडित झाली. भारतांत अपघातांचा वार्षिक अहवाल निघतो, पण त्याचा भर पोलिसांकडे नोंदलेल्या मृत्यूंवर असतो. जो वांचला, ज्याच्या जखमेवर टांके पडले आणि जो घरीं परतला, त्याची हकीकत बहुधा डॉक्टरांच्या कागदांतच राहते. वस्तुतः दुरुस्तीला उपयोगी पडावी अशी हकीकत त्याचीच असते. कारण तो सांगावयास उरलेला असतो. कोणती वस्तु, ती कशी हाताळली जात होती, आणि नेमकें काय झालें, एवढें त्यानें सांगावें आणि डॉक्टरांनीं तें लिहून ठेवावें, यांत खर्च थोडा आहे. पुढच्या घरांतील एखादें मूल जिन्याच्या तोंडाशींच थांबणें न थांबणें त्यावर अवलंबून असूं शकतें.