उतरते भाडे आणि एका गाडीचा धनी

संध्याकाळ झाली की इंदूरच्या देवास नाक्यावर आणि लोहामंडीत मालमोटारींची दाटी होते. हुंडेकऱ्यांच्या पेढ्यांपुढे गाडीचे धनी उभे राहतात. कोणाला मुंबईची खेप हवी असते, कोणाला अहमदाबादेची, कोणाला नागपूरची. पेढीवरचा मनुष्य भाड्याचा आकडा सांगतो. बाहेर उभा असलेला धनी क्षणभर गप्प राहतो, मनाशी डिझेलचा हिशेब करतो आणि अखेर मान डोलावतो. सांगितलेला आकडा गेल्या खेपेपेक्षा कमी असला तरी पुष्कळदा तो मान डोलावतोच. असे का व्हावे? भाडे परवडत नसेल तर त्याने गाडी उभी का करू नये? वरवर साधा दिसणारा हा प्रश्न मालवाहतुकीच्या साऱ्या धंद्याच्या मुळाशी जाऊन भिडतो.

या धंद्याविषयी बोलताना डोळ्यांपुढे येतात त्या मोठमोठ्या कंपन्या, त्यांची गोदामे आणि त्यांच्या शेकडो गाड्या. परंतु देशातील बहुसंख्य मालमोटारी लहान मालकांच्या आहेत. एक गाडी, फार तर दोन. त्यातही कित्येकदा मालक तोच आणि चालकही तोच. ही स्थिती आजची नाही. मिनू मसानी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५९ मध्ये रस्तावाहतुकीचा विचार केला, तेव्हाही विखुरलेल्या लहान मालकांना एकत्र आणून त्यांचे टिकाऊ संघ कसे उभारावेत, हाच प्रश्न तिच्यापुढे होता. त्यानंतर गाड्या बदलल्या, रस्ते बदलले. धनी मात्र एकटाच राहिला.

या लहान मालकांत तातडीचा माल नेणाऱ्यांचा एक वेगळा वर्ग आहे. सामान्य माल हुंडेकऱ्याच्या गोदामात येतो, इतरांच्या मालात मिसळतो आणि गाडी भरली म्हणजे निघतो. तातडीच्या मालाला असे थांबता येत नाही. पीथमपूरच्या एखाद्या कारखान्यात यंत्राचा सुटा भाग संपला तर सारे काम खोळंबते. औषधांची खोकी वेळेवर पोहोचली नाहीत तर गिऱ्हाईक तुटते. निर्यातीच्या मालाला न्हावाशेवा बंदरातील जहाजाची वेळ गाठावयाची असते. अशा वेळी गाडीत तेवढाच माल घालून, वाटेत कोठेही न उतरविता, ती रातोरात हाकावी लागते. या कामाचे भाडे अधिक असे आणि ते अधिक असणे न्याय्यही होते. गाडी अर्धीमुर्धी भरली तरी तिला पूर्ण गाडीचा खर्च येतो. परतीची खेप मिळेलच अशी खात्री नसते. आणि मुख्य म्हणजे, हाक येईल तेव्हा निघता यावे म्हणून धन्याला एरवी गाडी मोकळी ठेवावी लागते. त्या ताटकळण्याचे मोलही भाड्यात धरलेले असे.

इंदुरात हा धंदा का वाढला, हे नकाशा पाहिला म्हणजे समजते. इंदूरहून निघालेली गाडी मानपूरवरून माळव्याचे पठार उतरते, खलघाटास नर्मदा ओलांडते, सेंधव्यापुढे बिजासन घाटातून महाराष्ट्रात शिरते आणि शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक असे टप्पे घेत कसारा घाट उतरून भिवंडीस येते. हा जुना आग्रा-मुंबई रस्ता. इंदूरपासून मनमाडपर्यंत या रस्त्याला समांतर अशी लोहमार्गाची सोय नाही. मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेला वळसा घ्यावा लागतो. त्यामुळे ज्याला घाई आहे त्याने मालमोटारच गाठावी, असा परिपाठ पडून गेला.

मग या तातडीचे मोल उतरले कसे? याचे एक कारण असे की ज्या अडचणींतून वाट काढण्याबद्दल धन्याला अधिक पैसे मिळत, त्या अडचणीच एकेक करून दूर झाल्या. पूर्वी मुंबईच्या वेशीवर जकात होती, राज्यांच्या सीमांवर विक्रीकराचे नाके होते, पथकरासाठी रांगा होत्या. कोणत्या वेळी निघाले म्हणजे नाका मोकळा मिळतो, कागद कसे जुळवून ठेवावेत, घाट केव्हा गाठावा, हे ज्ञान हेच या धन्याचे खरे भांडवल होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचे नाके व मुंबईची जकात एकदमच गेली. २०२१ च्या फेब्रुवारीत पथकरासाठी फास्टॅग सक्तीचा झाला. १ जुलै २०२४ पासून मध्य प्रदेशाने परिवहन खात्याचे सीमेवरील तपासणी नाकेही बंद केले. रस्ताही पूर्वीच चौपदरी झाला होता. देशाच्या दृष्टीने या सुधारणा इष्टच होत्या. परंतु त्यांचा एक परिणाम असा झाला की सामान्य गाडीही आता लवकर पोहोचू लागली. साध्या आणि तातडीच्या खेपेतील अंतर घटले आणि त्याबरोबर भाड्यातील अंतरही घटले.

दुसरे कारण गाड्यांच्या आणि मालाच्या प्रमाणात आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालमोटारींच्या वजनाची मर्यादा वाढविली. तीन आसांच्या गाडीची एकूण मर्यादा २५ टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर गेली. तेवढाच माल हलविण्यास आता कमी गाड्या पुरणार होत्या. त्याच महिन्यात डिझेलचे दर, पथकर आणि विम्याचे हप्ते यांविरुद्ध देशभरातील वाहतूकदारांनी आठ दिवसांचा संप केला. पुढे व्यापारात मंदी आली, माल घटला आणि २०१९-२० या वर्षात व्यापारी वाहनांची विक्री आधीच्या वर्षाहून सुमारे २९ टक्क्यांनी उतरली. मे २०२० मध्ये, टाळेबंदीने गाड्या उभ्या असताना, डिझेलवरील केंद्रीय कर लिटरमागे १३ रुपयांनी वाढला. म्हणजे भाडे खाली आणि खर्च वर. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आता त्या क्षणभराच्या गप्प राहण्याकडे पुन्हा वळावयास हवे. समजा, खेप ६०० किलोमीटरची आहे आणि गाडी लिटरमागे ५ किलोमीटर चालते. १२० लिटर डिझेल लागेल. लिटरला ९० रुपये धरले तर १०,८०० रुपये झाले. पथकराचे ४,००० आणि चालकाचा भत्ता, वाराई व किरकोळ खर्च मिळून २,००० धरू. एकूण १६,८०० रुपये खिशातून जातात. हुंडेकरी २०,००० रुपये देऊ करतो. धन्याला वाटते, ३,२०० रुपये सुटले. परंतु हिशेब येथे संपत नाही. टायरांची झीज आणि दुरुस्ती किलोमीटरला ४ रुपये धरली तरी २,४०० होतात. कर्जाचा हप्ता, विमा आणि कर मिळून महिन्याला ४०,००० रुपये व महिन्यात दहा खेपा असे मानले, तर प्रत्येक खेपेच्या वाट्याला ४,००० येतात. खरा खर्च २३,२०० झाला. जेथे ३,२०० सुटल्यासारखे दिसले, तेथे वस्तुतः ३,२०० ची तूट आहे. धन्याच्या स्वतःच्या मेहनतीचा तर यात एक पैसाही धरलेला नाही.

मग तो खेप घेतो तरी का? कारण गाडी उभी केली तरी हप्ता थांबत नाही. उभ्या गाडीची तूट ४,००० ची आणि चालत्या गाडीची ३,२०० ची. शिवाय हातात रोख पैसा येतो. घरी दूध, किराणा आणि मुलांची फी या रोख पैशावरच भागवावयाची असते. एकट्यापुरते पाहिले तर त्याचे मान डोलावणे शहाणपणाचेच आहे. परंतु नाक्यावरील प्रत्येक धनी असाच विचार करतो. भाडे उतरले म्हणून इतर धंद्यांत मालक माल आवरता घेतो. येथे भाडे उतरले की धनी दोन खेपा अधिक करू पाहतो, कारण हप्ता भरावयाचा असतो. अधिक गाड्या मालाच्या मागे लागतात आणि भाडे आणखी उतरते. हाती आलेला पैसा नफा वाटतो. प्रत्यक्षात टायर, यंत्र आणि शरीर झिजवून मोडलेले ते भांडवल असते. टायर बदलण्याचा दिवस उगवतो तेव्हा हे कळून येते, आणि मग नवे कर्ज काढावे लागते.

ही तूट शेवटी कोठून भरून निघते? ती झोपेतून निघते. दोघांनी हाकावयाची गाडी एकटा हाकतो. ती ब्रेकच्या दुरुस्तीतून निघते. गुळगुळीत टायर आणखी एक महिना चालविला जातो. मानपूर आणि धामनोद यांच्यामधील गणपती घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी होऊन इतके अपघात झाले की तेथे पर्यायी रस्ता काढावा लागला. प्रत्येक अपघाताला भाडेच कारण असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. उताराचाही दोष असतो आणि वेगाचाही. तथापि जी गाडी तोट्यात चालते तिची देखभाल नीट होणार नाही, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

यावर असे म्हटले जाईल की भाडे उतरले म्हणजे वस्तू स्वस्त होतात. त्यात ग्राहकाचे हितच आहे. रस्ता सुधारल्यामुळे वा नाके गेल्यामुळे जे भाडे उतरते, ते सर्वांच्याच हिताचे असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु चालकाची झोप आणि गाडीचे टायर यांतून जी स्वस्ताई निर्माण होते, ती खरी स्वस्ताई नाही. तिची किंमत ग्राहकाऐवजी दुसरे कोणी तरी मोजीत असते.

ही अडचण केवळ आपल्याच देशाची नाही. अमेरिकेने १९८० मध्ये मालवाहतुकीच्या दरांवरील बंधने सैल केली. २०२१ मध्ये तेथे भाडी कडाडली तेव्हा असंख्य चालकांनी चढ्या किमतीस गाड्या घेतल्या; २०२२ पासून भाडी कोसळली आणि त्यांतील कित्येकांना धंदा सोडावा लागला. ब्राझीलमध्ये मे २०१८ च्या मोठ्या संपानंतर किमान भाड्याचा कायदा करण्यात आला. दक्षिण कोरियाने २०२० ते २०२२ या काळात कंटेनर आणि सिमेंट यांच्या वाहतुकीस किमान दर ठरवून दिले होते. आपल्याकडे भाड्याची कमाल व किमान मर्यादा ठरविण्याचा अधिकार १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने राज्य सरकारांना दिला होता आणि १९८८ च्या कायद्याच्या ६७ व्या कलमातही तो कायम आहे. परंतु हजारो लहान मालक असलेल्या धंद्यात कागदावरचे किमान भाडे पाळले जाईलच असे नाही. ज्याला आज रात्री खेप हवी आहे तो दिलेली पावती आणि घेतलेले पैसे यांत फरक करावयास तयार होतो. म्हणून कायदा हवा असला तरी केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही.

पहिला उपाय धन्याच्या स्वतःच्या हातातला आहे, आणि तो म्हणजे वही. आपल्या गाडीचा किलोमीटरचा पुरा खर्च किती, हे ज्याला ठाऊक नाही त्याला सौदा करताच येत नाही. दुसरा उपाय, थकबाकीचा. कित्येकदा भाडे ठरते एक आणि त्याचा शेवटचा हप्ता मिळतो दोन-तीन महिन्यांनी. तेवढ्या काळाचे व्याज धनीच सोसतो. लहान उद्योगांसाठी असलेल्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत लहान व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. एका गाडीच्या धन्यालाही ही नोंदणी करता येते. पोहोचविल्यानंतर माल उतरविण्यास जो विलंब लागतो, त्या खोटीचे पैसेही भाडेचिठ्ठीवर आधीच लिहून घ्यावयास हवेत. तिसरा उपाय एकत्र येण्याचा. दहा धन्यांनी मिळून एखाद्या कारखान्याचे तातडीचे काम वर्षाच्या कराराने घेतले, तर एकाची गाडी बिघडल्यास दुसऱ्याची निघेल, आणि भिवंडीहून परतीची खेपही एकाच माणसाला सर्वांसाठी शोधता येईल. कारखानदाराला हवी असते ती खात्री. वेग आता सर्वांकडे आहे. खात्री मात्र एकट्या गाडीला देता येत नाही.

हे सारे लवकर व्हावयास हवे, कारण एक मोठा बदल वाटेवर आहे. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने इंदूर-मनमाड लोहमार्गास मंजुरी दिली. ३०९ किलोमीटरच्या या मार्गासाठी १८,०३६ कोटी रुपये खर्च अपेक्षित आहे. इंदूरला असा प्रसंग नवा नाही. रेल्वेपूर्वी माळव्यातून धान्य बाहेर जाई आणि मीठ आत येई ते लमाणांच्या बैलांच्या तांड्यांवरून. महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, खंडव्याहून इंदुरास आगगाडी आली, आणि शतकानुशतके चाललेला लमाणांचा व्यापार बघता बघता ओसरला. त्यांना कोणी आधी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी बैलाला दुसरे काम नव्हते.

मोटारीच्या धन्याची गोष्ट वेगळी आहे. धान्य, सिमेंट आणि कंटेनर उद्या रेल्वेने जातील. परंतु कारखान्याच्या दारातून मध्यरात्री निघून दुसऱ्या कारखान्याच्या दारात दुपारी पोहोचणारा माल रेल्वेला नेता येणार नाही. तातडीचे काम राहणारच आहे. ते करणारा धनी तोवर तग धरून राहतो की तोट्याच्या खेपा मारता मारता गाडी विकून दुसऱ्याच्या गाडीवर चालक होतो, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर देवास नाक्यावर, आकडा ऐकल्यानंतरच्या त्या क्षणात ठरावयाचे आहे. त्या क्षणी हातात वही असली आणि पाठीशी आणखी नऊ धनी उभे असले, तर मान डोलावण्यापूर्वी त्याला ‘एवढ्यात परवडत नाही’ असे म्हणता येईल.